मनोरमाबाईंची फीत आणि सहा कपबशा

अकोल्याहून अमरावती, तिथून अंजनगाव सुर्जी आणि परत, एवढ्याला कोणी प्रवास म्हणणार नाही. पण माझं माहेर बार्शीटाकळीचं, सासर अकोल्याचं, आणि लग्नानंतर या दोन गावांच्या पलीकडे मी पाऊल टाकलं नव्हतं. म्हणून लिहून ठेवते. यांच्या गणिताच्या वहीची मागची पानं कोरी होती.

निघताना घरात सांगितलं की अंबादेवीचा नवस आहे. खरं कारण वेगळं होतं. ते आधी सांगितलं नाही तर पुढचं कळायचं नाही.

हे हायस्कुलात गणित शिकवतात. यांना गाण्याचं वेड आहे, पण दुकानात मिळणाऱ्या रेकॉर्डचं नाही. गाणाऱ्या बाई बैठकीत जे वेगळं गातात, मध्ये थांबतात, पाणी मागतात, तंबोरेवालीवर डोळे वटारतात, ते यांना हवं असतं. धाकटे भावोजी एडनला बोटीवर होते. त्यांनी येताना गाणं टिपून घेणारं फितीचं मशीन आणलं आणि जाताना यांच्या हवाली केलं. तेव्हापासून चोरून घेतलेली गाणी जमवणाऱ्या मंडळींत हे जाऊन मिळाले. अकोला-अमरावतीकडे असे आठ-दहा जण असतील. त्यांचा नियम एकच, फितीला फीत. विकायची नाही, फुकट द्यायची नाही आणि मूळ फीत डोळ्यांआड होऊ द्यायची नाही. ज्याची फीत त्यानं ती स्वतः घेऊन जायची, दुसऱ्यानं तिची नक्कल उतरवून घेईस्तोवर तिच्यापाशी बसायचं आणि परत घेऊन यायची. लग्नाच्या मुलीला पाहुण्यांकडे नेतात तसंच ते असतं.

दोन वर्षांपूर्वी यांच्या शाळेच्या पटांगणात गायिका मनोरमाबाईंची बैठक झाली. बाईंना मशीनचा फार राग. कुठल्याशा गावी एका हॉटेलवाल्यानं त्यांची अशीच एक बैठक भोंग्यावर लावली होती म्हणे. तेव्हापासून गाण्याआधी त्यांचा माणूस सतरंज्या उचलून तारा शोधत फिरे. मात्र बायकांच्या बाजूला तो येत नसे. यांनी हे बरोबर हेरलं. साबणाच्या वडीएवढा माइक माझ्या विणकामाच्या पिशवीत घातला, तार सतरंजीखालून नकाशांच्या खोलीच्या खिडकीत नेली आणि मशीन आत जगाच्या नकाशामागे ठेवलं. मला तीनदा बजावलं, हलायचं नाही, खोकायचं नाही, पिशवीवर पदर येऊ द्यायचा नाही. बोलायचं नाही, एवढं मात्र सांगितलं नाही. मी बोलत नाही हे यांना माहीतच होतं.

मशीन सुरू करून हे पुरुषांत जाऊन बसले आणि वाहवा देऊ लागले. यांची वाहवा मोठी असते आणि मनापासून असते. फक्त ती समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, येत नाही. समेच्या दोन मात्रा आधी येते, नाहीतर दोन मात्रा नंतर. माझे वडील भजनात मृदंग वाजवत, त्यामुळे जात्यावर बसले तरी माझं बोट आपोआप समेवर पडतं. यांना हे मी कधी सांगितलं नाही. गणिताच्या मास्तरांना मोजायला कोणी शिकवायचं?

माझ्या शेजारी हिरव्या लुगड्यातली एक ठसठशीत बाई होती. तबला जुळवायला म्हणून गाणं थांबलं तेव्हा ती माझ्याकडे झुकून म्हणाली, "तो मांगं वाहवा करून राह्यला, तो कोन व बाई? सारी बेठिकानी वाहवा."

मी म्हटलं, "मले काय मालूम. असन कोणी परगावचा."

"त्याच्या बायकोची कीव येते."

"मलेही येते," मी म्हटलं.

एवढंच. पण माइक माझ्या मांडीवर होता. दुसऱ्या दिवशी यांनी मित्रांना बोलावून फीत लावली, मी चहा घेऊन आले आणि मशीनमधून कोणीतरी म्हणालं, तो मांगं वाहवा. माझ्या हातून कपबशांचा ट्रे सुटला. त्या आवाजात पुढचं सगळं बुडालं.

तेव्हापासून ती फीत लागली की मी तबला जुळवण्याची वाट बघत दाराआड उभी राहते आणि बरोबर तेव्हाच कपबशा घेऊन आत शिरते. ट्रे दर वेळी पाडत नाही, पण वाजवते. दोन वर्षांत मी यांना त्या फितीबरोबर घरात एकटं सोडलं नाही. नणंदेच्या मुलाच्या बारशालाही गेले नाही. आणि पौषात यांनी सांगितलं की अंजनगावच्या एका पानमळेवाल्याकडे मनोरमाबाईंची रेडिओच्या खोलीत घेतलेली तालमीची फीत आहे, ती बाहेर कोणाकडेच नाही, आणि तिच्या बदल्यात त्याला आपली अकोल्याची हवी आहे. वाटेत अमरावतीच्या वकीलसाहेबांनाही, त्यांनी मागे दिलेल्या फितीच्या बदल्यात, ती उतरवून द्यायची.

मी म्हटलं, मी येते. यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

अमरावती

वकीलसाहेबांचं घर मोठं, पण आम्ही गेलो त्या सकाळी स्मशानासारखं गप्प होतं. त्यांच्याकडे उतरवण्याची पद्धत अशी की एका मशीनवर फीत लावायची आणि तिच्या पुढ्यात दुसऱ्या मशीनचा माइक धरायचा. म्हणजे घरातला प्रत्येक आवाज नव्या फितीत जातो. म्हणून लंबकाचं घड्याळ बंद केलं होतं, पोपटाचा पिंजरा शेजारी पाठवला होता, स्टोव्ह विझवला होता आणि अंगणात एका गड्याला कावळे हाकायला बसवलं होतं. त्यानं तोंडानं हुश केलेलं चालायचं नाही, नुसता पंचा हलवायचा.

वकिलांच्या बायकोला सगळे माई म्हणतात. मूळच्या पुण्याच्या, फार सुरेख बोलणं. पण त्या दिवशी आम्ही स्वयंपाकघरात खुणांनीच बोलत होतो. मीठ हवं तर चिमूट दाखवायची. आमच्याकडे बायकांनी हळू बोलावं असा दंडक आहे, इथं मुळीच बोलायचं नव्हतं. मला ते घर फार आवडलं. न बोलणाऱ्या बाईला तिथं कोणी लाजाळू म्हणणार नव्हतं. माईंनी दह्यात भिजवलेला गिला वडा पुढे केला. पांढराशुभ्र, वर तिखटाची रेघ. आमच्याकडे वडा म्हणजे कुरकुरीतच हवा, पण हा खाताना दातांचासुद्धा आवाज होत नव्हता. त्या दिवसासाठीच केला असावा.

माझं लक्ष मात्र दिवाणखान्याकडे होतं. दोन पदं झाली, तिसरं आटपत आलं. गाणं संपल्यावर द्यायचा म्हणून माईंनी चांगल्या निळ्या फुलांच्या कपांचा ट्रे मांडून ठेवला होता. परक्याच्या दिवाणखान्यात, चार पुरुषांसमोर जायला एरवी मला दोन दिवस लागले असते. बाई थांबल्या, तबल्यावर हातोडी पडली. मी ट्रे उचलला, सरळ आत गेले आणि बरोबर मधोमध सोडून दिला.

सहाच्या सहा कप फुटले.

कोणी ओरडलं नाही. ओरडलं असतं तर तेही फितीत गेलं असतं. वकीलसाहेबांचे दोन्ही हात हवेत तसेच राहिले. मी खाली बसून तुकडे गोळा केले, एकेक आपटून, पुढचं गाणं सुरू होईपर्यंत. मग मशीन थांबवलं. हे कानकोंडे होऊन म्हणाले, तिच्या हातून एरवी भांडं पडत नाही, घरीसुद्धा फक्त ही फीत लावली की पडतं.

वकीलसाहेबांनी नवी फीत मागे फिरवून ऐकली आणि म्हणाले की आवाज तबला जुळवतानाचा आहे, गाण्याला धक्का नाही, राहू दे. माझा जीव भांड्यात पडला. पण ते शेवटी वकील.

"मास्तर, घरीसुद्धा ह्याच जागी पडतं?"

"हो. दर वेळी."

"मूळ फितीत ह्या जागी काय आहे?"

"काही नाही. तबला जुळवतात."

"तुम्ही स्वतः ऐकलंय?"

यांनी मनात हिशेब केला. दोन वर्षांत एकदाही ऐकलेलं नव्हतं. वकीलसाहेबांचा हात मूळ फितीकडे गेला आणि त्याच वेळी दारात चांदूरकडचे पाच पक्षकार एकदम बोलत आले. शेताच्या बांधाचं भांडण होतं. ते त्यांनी बाहेरच सुरू केलं होतं. त्या पाचही जणांना देव सुखी ठेवो.

माईंनी तुकडे सुपात भरताना एवढंच विचारलं, "सहाच्या सहा?" मी मान हलवली. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. का ते मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी अंबादेवीला गेले. नवस नव्हता तो तिथं उभ्या उभ्या केला. आई, अंजनगावचं तेवढं पार पाड.

दर्यापूरच्या वाटेवर

एसटीत कंडक्टरनं गोधडीत गुंडाळलेल्या मशीनकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं. यांना फितीचं मशीन म्हणायची भीती वाटते. यांनी सांगितलं, शिवणाचं आहे. ते ऐकून माझ्या बाकावरची बाई माझ्याकडे वळली. तिच्या नातीच्या लग्नाला आठ दिवस होते आणि गावातला शिंपी आजारी पडला होता. मला नाही म्हणता येईना. दर्यापूर येईपर्यंत तिनं वीतभर दोऱ्यावर गाठी मारून पाच पोलक्यांची मापं माझ्या हातात दिली. तो दोरा अजून माझ्याजवळ आहे, आणि त्या पोलक्यांचं काय झालं असेल ते आठवून वाईट वाटतं.

बाहेर दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या, मध्येच तुरीचे पिवळे पट्टे. अंजनगाव जवळ आलं आणि रंगच बदलला. केळीच्या बागा लागल्या, आणि पानमळे. पानमळा मी पहिल्यांदा पाहिला. आतून मांडवासारखा, उंच वेलींचा, भर दुपारी थंडगार. पान खाणं आमच्याकडे वाईट समजतात. पण तो मळा बघून वाटलं, एवढ्या गारव्यात वाढलेली वस्तू वाईट कशी असेल.

अंजनगाव सुर्जी

पानमळेवाले रामभाऊ स्टँडवर आले होते. उंच, पांढरं धोतर, तोंडात कायम पान. यांच्याशी नमस्कार झाला न झाला तो त्यांनी मशीन एकट्यानं खांद्यावर टाकलं. घर लांब नव्हतं. दार त्यांच्या बायकोनं उघडलं.

लुगडं या वेळी लाल होतं, पण बाई तीच होती.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी पायांकडे बघत उभी राहिले. पुरुष हातपाय धुवायला मागे गेले तशी मला स्वयंपाकघरात ओढून तिनं कवाड लावलं.

"थे वाहवावाले तुमचे मालक होत?"

मी होय म्हटलं.

"मंग तवा काहून नाही सांगतलं?"

"लाज वाटली," मी म्हटलं. "त्यांची नाही, माझी."

तिचं नाव गिरजाबाई; बैठकीच्या वेळी ती अकोल्याला पाहुणी आली होती. ती चुलीपुढे बसून पदर तोंडात धरून इतकी हसली की तिला ठसका लागला. मी तिला सगळं सांगितलं, माइक कुठं होता, मी दोन वर्षं काय केलं, अमरावतीला काय झालं. मी सलग एवढं बोलले हे लिहितानाही खरं वाटत नाही. ऐकता ऐकता तिचं हसू थांबलं. फितीत तिचाही आवाज होता, आणि ज्याला तिनं बेठिकाणी म्हटलं तो आता तिच्या घरचा पाहुणा होता.

"तुमी फिकर नोका करू," ती म्हणाली. "कपबशा नाहीत आपल्याकडे. पन खलबत्ता हाये."

जेवायला तुरीच्या कोवळ्या दाण्यांची, सोल्यांची उसळ, वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर आणि वर तेल सोडलेला ठेचा. आमच्याकडे पुरुषांचं आटोपल्यावर बायका बसतात. इथं गिरजाबाईनं चौघांची ताटं एकदम वाढली आणि यांच्याशी सरळ बोलू लागली, मास्तर भाकर घ्या, मास्तर लाजता काहून. यांनी ठेचा खाल्ला आणि लागोपाठ दोन तांबे पाणी संपवलं.

मग फीत लावायची वेळ झाली. रामभाऊंची खोली म्हणजे पानांच्या टोपल्या, ओली गोणपाटं आणि मध्ये दोन मशीनं. मी आणि गिरजाबाई दाराशी खलबत्ता घेऊन बसलो. आत वाळलेल्या मिरच्या टाकल्या होत्या, कारण दुसरं काही कुटायला नव्हतं.

रामभाऊंनी एका मशीनमधून दुसऱ्यात तार घातली, वाटीसारखे दोन डबे आपल्या कानांवर चढवले आणि कळ दाबली. चाकं फिरू लागली. खोलीत काहीच ऐकू येईना.

हे म्हणाले, आवाज? रामभाऊंनी कानातले डबे दाखवले. आवाज तारेतून जात होता. माइक नव्हताच. अमरावतीची पद्धत इथं नव्हती, मशीनलाच मशीन जोडलेलं होतं. आम्ही तिघं बसून एका माणसाला गाणं ऐकताना बघत होतो.

आता तबला कधी जुळवतात ते मला कळायचं कसं? मग पाहिलं तर रामभाऊंचं बोट मांडीवर ताल धरत होतं, आणि अगदी चोख. बोटावरून मी गाणं ओळखलं. पहिलं पद झालं, दुसरं, तिसरं. बोट थांबलं. मी गिरजाबाईला कोपरानं ढोसलं.

तिनं बत्ता उचलला आणि घाव घालू लागली. जमीन हादरली. मिरचीचा खकाणा उठला. हे शिंकले, मी शिंकले, गिरजाबाई शिंकत शिंकत कुटत राहिली. रामभाऊ मात्र आमच्याकडे बघेनात. ते दोन्ही हातांनी डबे कानांवर दाबून धरून फितीकडे बघत होते, आणि मग त्यांच्या तोंडातलं पान बाहेर आलं.

"अरे, हे तं आमची गिरजा!"

बत्ता थांबला. तेव्हाच मला कळलं की आमच्या कुटण्याचा कणभरही त्या फितीत गेला नव्हता आणि जाणारही नव्हता. रामभाऊंनी फीत मागे फिरवली, डबे स्वतःच्या कानांवरून काढले आणि यांच्या कानांवर घातले. "ऐका मास्तर, ऐका तं."

हे ऐकू लागले. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त यांचा चेहरा दिसत होता. आधी ते थोडे हसले. स्वतःची वाहवा ऐकू आली असावी. मग भुवया वर गेल्या, म्हणजे गिरजाबाई बोलली. मग चेहरा एकदम स्थिर झाला. आता मी बोलत होते. मले काय मालूम. असन कोणी परगावचा. मी दोन वर्षं जे झाकलं ते यांच्या दोन्ही कानांत एकदम जात होतं, आणि ट्रे माझ्या हातात नव्हता.

यांनी डबे काढले. चष्मा पुसला.

रामभाऊ म्हणाले, "एक तं आमची गिरजा. अन् हे दुसरी कोन?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग रामभाऊंकडे वळून म्हणाले, "काय माहीत. परगावची असेल कोणी." आणि थोडं थांबून, "तिच्या नवऱ्याची कीव येते."

गिरजाबाई बत्ता टाकून मागे जाऊन हसली. मला हसू येत होतं आणि रडूही, पण मिरचीमुळे डोळे सगळ्यांचेच वाहत होते, त्यामुळे ते कोणाला कळलं नसावं.

नंतर रामभाऊंनी त्यांची तालमीची फीत मोठ्यानं लावली. आम्ही बायकासुद्धा खोलीत बसलो. मनोरमाबाई एक लांब तान घेऊन खाली येतात, सारंगीवाला गडबडतो, आणि बाई चक्क सम चुकतात. मग स्वतःच खो खो हसतात आणि म्हणतात, पुन्हा घ्या. रेकॉर्डवर ज्यांचा श्वाससुद्धा जागा सोडत नाही त्या बाई. आणि नेमक्या त्या चुकलेल्या जागी यांनी मोठ्यानं वाहवा दिली.

गिरजाबाई म्हणाली, "घ्या. दोघं बरोब्बर भेटले."

सगळ्यात जास्त हे हसले.

परत

निघताना गिरजाबाईनं ओल्या फडक्यात शंभर पानं बांधून दिली. एसटीत यांनी दर्यापूरपर्यंत मशीनची गोधडी तीनदा सोडून पुन्हा गुंडाळली. मला वाटलं, आता घरी गेल्यावर काय ते बोलतील. दर्यापूर मागे पडलं तेव्हा खिडकीबाहेर बघत यांनी विचारलं, "तुला कळते का? सम?"

मी हो म्हटलं.

"कधीपासून?"

"लहानपणापासून."

मग यांनी मांडीवरची गोधडी सारखी केली आणि हात माझ्याकडे सरकवला. भर एसटीत, लोकांत. मी इकडेतिकडे पाहिलं आणि एक बोट यांच्या तळव्यावर धरलं. धा धिं धिं धा. सोळा मात्रा मोजून पुन्हा पहिल्या धा वर आले की जोरात दाबायचं. मूर्तिजापूर येईपर्यंत यांचा तळवा लाल झाला होता. गणित चांगलं असल्याचा गाण्यात काही उपयोग होत नाही, हे यांनी त्या दिवशी कबूल केलं.

मागच्या रविवारी यांचे मित्र आले. यांनी अकोल्याचीच फीत लावली. मी नेहमीसारखी दाराआड ट्रे घेऊन उभी राहिले. पहिल्या पदात बाई समेकडे येऊ लागल्या तसा मी एक चमचा बशीवर टेकवला, अगदी हळू. यांनी वाहवा दिली. ती नेमकी पडली. दुसऱ्यांदाही पडली. मित्रांतले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, मास्तर, कान तयार झाला तुमचा.

तिसरं पद संपलं. बाई थांबल्या, तबल्यावर हातोडी पडली. मी ट्रे खाली ठेवला आणि दोन्ही हात पदरात घेतले. तो मांगं वाहवा करून राह्यला, तो कोन व बाई? मले काय मालूम.

बैठकीत सगळ्यात आधी हे हसले, आणि या वेळी जागा चुकली नाही.